भिंतीपलीकडची मुलगी

७ सप्टेंबर, रविवार

लाऊडस्पीकर,

आधीच सांगतो, हे माफीपत्र नाही. तसा वास आला तर इथेच फाडून टाक. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, तुझ्या मैत्रिणींनीही ठेवलंय (सगळ्या एकजात चमच्या), म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला बंद करता येत नाही, फार तर उघडायचा नाही.

त्या सरांनी भर वर्गात तुझ्या आवाजाची नक्कल केली. मी बाक उलटा केला. बाक, सरांना नाही, एवढा फरक कुणी लक्षातच घेत नाही. आणि तू काय केलंस? गेटवर मलाच झापलंस. "माझं भांडण तू कशाला भांडलास? मला तोंड नव्हतं?" होतं ना. तुझ्याइतकं तोंड अख्ख्या कॉलेजात कुणाला नव्हतं. पण तेव्हा तू खाली मान घालून बसली होतीस आणि मला ते बघवलं नाही. कॉलेज म्हणालं, लेखी माफी दे; मी दिली नाही, नाव काढून घेतलं. शेवटचं वर्ष अर्ध्यावर. आई रडली, बाबा काही बोलले नाहीत, तू फोन बंद केलास. झालं. आजही तोच वर्ग आणि तेच सर समोर आले तर बाक सरळ राहणार नाही, एवढंच सांगतो.

असो. मुद्दा तो नाही. आम्ही घर बदललं, हे कळवायचं होतं.

बाबा निवृत्त झाले, कंपनीची क्वार्टर सोडावी लागली. आता शहराबाहेर आलोय. बस जिथे संपते आणि ड्रायव्हर उतरून आळस देतो ना, तिथे. नवी कोरी वसाहत, सगळ्या इमारती एकसारख्या, जुळ्या बहिणींसारख्या ओळीत उभ्या. आम्ही फाटकाजवळच्या पहिल्या इमारतीत. घर एकदम झकास. मला स्वतंत्र खोली आहे, उजेड आहे, वारा आहे. वारा तर इतका की दार उघडलं की आपण घरात जायच्या आधी तोच जातो.

फक्त आवाज नाही. क्वार्टरमध्ये शेजारी कोण रुसलंय ते त्यांच्याआधी आम्हाला कळायचं. वरच्यांची खाट सरकली की बाबा म्हणायचे, "उठले महाराज." इथे वर कुणी नाही, खाली कुणी नाही. आई नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही बसवून घेते आणि त्याच्या बायकोच्या माहेरापर्यंत जाऊन पोहोचते. तो आता आमचं दार दिसलं की जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरतो.

मला नोकरीही लागलीय. देखभाल व्यवस्थापक. म्हणजे मी रिकामा बसलोय असं समजू नकोस.

मी


१८ सप्टेंबर, गुरुवार

लाऊडस्पीकर,

इथे टपाल उशिरा येतं, असं वॉचमनकाका म्हणतात. म्हणून पुन्हा लिहितोय.

व्यवस्थापक वगैरे काही नाही. मी दिवे लावतो.

नीट ऐक. या वसाहतीत निम्म्याहून जास्त घरं रिकामी आहेत. शेवटची इमारत तर पूर्ण. घरं दाखवायला एक साहेब आहेत, कमरेला एवढा मोठा किल्ल्यांचा जुडगा की चालताना त्यांच्या आधी तोच ऐकू येतो. आम्ही त्यांना चावीसाहेब म्हणतो. त्यांनी मला पहिल्याच दिवशी गच्चीवर नेऊन समजावलं.

"गिऱ्हाईक घर घेत नाही रे, शेजार घेतं. शेजार दिसला पाहिजे."

"आणि शेजारीच नसेल तर?"

"म्हणून तर तुला ठेवलाय, गाढवा."

तर रोज संध्याकाळी मी किल्ल्या घेऊन रिकाम्या घरांत फिरतो. दिवे लावतो, पंखे सुरू करतो. दारांबाहेर जुन्या चपला मांडतो, एक जोड सरळ, एक जरा वाकडी, म्हणजे खरी वाटते. गॅलऱ्यांत कपडे वाळत घालतो. वाळले की परत भिजवून घालतो, कारण तेच ते कडक झालेले शर्ट बघून गिऱ्हाइकाला शंका येते. चौथ्या मजल्यावरच्या जोडप्याला मी परवा मूलही दिलं, दोन टोपडी टांगून. चावीसाहेब खूश झाले. म्हणाले, "बारसं कधी?"

हस. तुला हसू येईल म्हणूनच लिहिलं.

दिवे लावून झाले की मी खाली येऊन मागच्या मैदानातून बघतो. सगळ्या खिडक्या उजळलेल्या असतात. वाटतं, केवढी माणसं राहतात इथे. आणि मग आठवतं की मी तर खाली उभा आहे, म्हणजे आता वर एकही नाही.

शेवटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर उजवीकडचं घर आहे. तिथे मी चपला मांडत नाही. तो दिवा सगळ्यात शेवटी मालवतो. का, ते विचारू नकोस. विचार, खरं तर. काहीतरी विचार.

काडेपेटी (तूच ठेवलेलं नाव, तूच विसरली असशील)


५ ऑक्टोबर, रविवार

तुझ्या हातून एक घर भाड्याने गेलं. अभिनंदन.

मागच्या आठवड्यात एक बाई आल्या. एकट्या, हातात छत्री काठीसारखी धरलेली. उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. राहायच्या शहरात बाजाराच्या वर. तिथली जुनी इमारत पाडताहेत, म्हणून घर बघायला निघालेल्या. चावीसाहेबांनी तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं घर उघडलं, ओटा दाखवला, खिडक्या दाखवल्या. बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"भिंतीतून आवाज येतात का?"

"छे छे, मावशी!" चावीसाहेबांनी भिंतीवर थाप मारली. "शेजारी तोफ उडाली तरी कळणार नाही."

बाईंनी छत्री उचलली. "मग चला. मला नाही चालायचं असलं घर. माझी झोप उडेल."

चावीसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येतात की हो! पलीकडे एक मुलगी राहते ना."

"कसली मुलगी?"

मग मी सांगत सुटलो. ती अभ्यास करते तो सभेत भाषण केल्यासारखा. चिडली की तोंडाने बोलत नाही, झाकणं आपटते. हसली की गॅलरीतली पाखरं उडतात. केस विंचरताना केसांशीच भांडते. खोटं बोलतोय असं मला वाटतच नव्हतं, लाऊडस्पीकर. इथे आल्यापासून तुझ्याबद्दल मी कुणाशी बोललोच नव्हतो. थांबता येईना.

बाई कान देऊन ऐकत होत्या. "लग्न झालंय तिचं?"

"ठरतंय," मी म्हणालो.

हे जरा जास्तच झालं, मान्य.

बाईंनी छत्री खाली ठेवली आणि बाहेर आल्यावर चावीसाहेबांनी माझा कान धरला. "लेका, कुठे होतास इतके दिवस? चपला कसल्या मांडतोस, माणसंच मांड."

बाई मंगळवारी राहायला आल्या. आम्ही त्यांना टेलिफोनमावशी म्हणतो. अख्ख्या इमारतीत खरं माणूस एवढं एकच. आणि भिंतीपलीकडे तू.


१९ ऑक्टोबर, रविवार

तुझं कार्ड आलं! दोनच ओळी, पण आल्या. मी जिन्यातच वाचलं, मग गच्चीत वाचलं, मग आईने ओढून घेतलं आणि तिने वाचलं. "मुलीचं अक्षर चांगलं आहे, डोकंही बरं दिसतंय. तुझ्यात काय बघितलं कोण जाणे," म्हणाली.

तर तू पुढच्या शिक्षणाला दूर चाललीस, आणि जाण्याआधी, २ नोव्हेंबरच्या रविवारी, दुपारच्या बसने येतेस. "ओरडायचं नाही" ही अट मान्य. बाकी कुठल्या अटी असतील त्याही मान्य, वाचायच्या आधीच मान्य.

एक काम आहे. वैतागू नकोस.

मावशींना आवाज हवेत म्हणून मी रोज संध्याकाळी उजवीकडच्या घरात जाऊन तू होतो. खुर्ची ओढतो, झाकणं आपटतो, नळ सोडतो, रेडिओवर बाईचं बोलणं लागलं की भिंतीशी नेऊन ठेवतो. तासाभराचा संसार. मग दिवा मालवून, चपला हातात घेऊन, चोरासारखा खाली.

एकदा पलीकडून भिंतीवर टकटक झाली. मी घाबरून गारच पडलो. मग मीही टकटक केलं. तेव्हापासून रोज होतं.

परवा मावशींनी मला जिन्यात गाठलं. "तुझ्या त्या मुलीला म्हणावं, कधी चहाला ये."

"लाजते हो ती."

"एवढ्या आवाजाची मुलगी लाजते?"

"नोकरीही असते ना. सकाळी लवकर जाते."

"बरं बरं. तिची सवड होईल तेव्हा." दोन पायऱ्या उतरल्या आणि परत वळल्या. "काल मला बरं नव्हतं. भिंत वाजवली, तर तिनेही वाजवली. गोड आहे रे पोर. कुणीतरी आहे पलीकडे, एवढ्यावर झोप लागते."

मला खूप बरं वाटलं. आणि खूप वाईट. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते तुझ्या मानसशास्त्राच्या पुस्तकात बघून ठेव.

तर आलीस की एकदा फक्त मावशींच्या दारात उभी राहा आणि हस. एवढंच. नंतर तू दूर गेलीस की मी सांगेन, पलीकडची मुलगी शिकायला गेली. ते तर खरंच असेल.

आणि जमलं तर जाऊच नकोस. हे ओरडून म्हणत नाहीये. हळू म्हणतोय.

तुझाच


२ नोव्हेंबर, रविवार, बसथांब्यावर

पहिली बस आली. तीन माणसं उतरली. त्यात तू नव्हतीस.

पेन आणलंय, कारण तू येईपर्यंत हात शांत ठेवायचेत. सकाळी आईने माझा शर्ट दोनदा इस्त्री केला. बाबा म्हणाले, "मुलगी येतेय की तपासणी अधिकारी?"

दुसरी आली. तुझ्यासारखी ओढणी होती. तू नव्हतीस.

कंडक्टर आता मला ओळखायला लागला. "आज कोण, पाहुणे?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "येतील की."

उन्हं उतरली. दिव्यांची वेळ झाली, पण थांबा सोडला आणि नेमकी तू उतरलीस तर? मला शोधत त्या रिकाम्या इमारतींतून फिरत बसशील. आज राहू देत दिवे. एक दिवस अंधार राहिला तर कुणाचं काय बिघडतंय?

ही शेवटची असावी. ड्रायव्हर म्हणतो अजून एक आहे. थांबतो.


५ नोव्हेंबर, बुधवार

वरचा कागद तसाच पाठवतोय. फाडणार होतो, पण तुला दिसू दे.

तू आली नाहीस. त्यावर आज भांडायला मला सवड नाही.

अंधार पडल्यावर मी थांब्यावरून निघालो तो थेट शेवटच्या इमारतीत. डोकं इतकं भडकलं होतं की सगळे कपडे, रेडिओ, झाकणं गॅलरीतून खाली फेकून द्यायची ठरवली होती. उजवीकडचं दार उघडलं. आणि भिंतीतून आवाज आला.

टकटक नव्हती. खरवडल्यासारखा. थांबायचा, परत यायचा.

माझ्याकडच्या जुडग्यात मावशींच्या दाराचीही जादा किल्ली होती, नाहीतर दार तोडावं लागलं असतं. मावशी स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. जेवून भांडी उचलताना पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलंय. फोन बाहेरच्या खोलीत. दुपारपासून तिथेच. भिंतीपर्यंत सरपटत आल्या होत्या आणि हातात वाटी होती, तिचा काठ चेपला होता. पाणी मागितलं. पाणी प्यायल्या आणि मला विचारलं,

"ती घरात नव्हती का रे?"

"नव्हती," मी म्हणालो.

"रविवार होता म्हणून म्हटलं. रविवारी तरी असेल."

ॲम्ब्युलन्स शहरातून यायची होती, वेळ लागला. मी आईला बोलावून आणलं. जी आई इथे आल्यापासून फाटकाबाहेर गेली नव्हती, ती पदर खोचून गाडीत चढली, मावशींचं डोकं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हळू चालव रे बाबा, पण लवकर चल."

तू का आली नाहीस, हे मी खरंच विचारत नाहीये. मी तिथे का थांबलो, हे स्वतःला विचारतोय.


१२ नोव्हेंबर, बुधवार

ऑपरेशन झालं. आता ऐक, परत काय घडलं ते.

काल डबा घेऊन गेलो. आई मावशींचे केस विंचरत होती आणि मावशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सगळं सांगत होत्या. ऑपरेटरचा आवाज तो, अख्ख्या वॉर्डला ऐकू जात होता.

"मी भिंत वाजवतेय, हाका मारतेय, घसा सुकला. आणि शेजारी एवढी धडधाकट मुलगी! ऐकत बसली असेल हो. उठायचा कंटाळा. असल्या पोरीला माणूस म्हणायचं का? दगड आहे दगड."

"हल्लीच्या मुली," शेजारची बाई म्हणाली.

मी गप्प बसायला हवं होतं. आईने डोळ्यांनी सांगितलंही. पण मावशी पुढे म्हणाल्या, "तिचं भलं नाही व्हायचं," आणि माझं टाळकं फिरलं. डबा असा आदळला की झाकण घरंगळत नर्सच्या टेबलापर्यंत गेलं.

"तिला काही बोलू नका! तिने काही केलेलं नाही! ती तिथे नव्हतीच!"

"तेच म्हणतेय मी, रविवारी सकाळपासून कुठे..."

"कधीच नव्हती! तिथे कुणीच राहत नाही!"

नर्स आली, मला दाराकडे ढकलायला लागली. मावशींनी हात वर करून तिला थांबवलं.

"भांडी कोण आपटायचं?"

"मी."

"खुर्ची?"

"मीच."

"भिंत?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी तोंड पलीकडे वळवलं. कुशीवर वळता येत नाही त्यांना, नुसती मान वळवली. "ने याला," आईला म्हणाल्या.

बाहेर आई मला वाट्टेल ते बोलली. शेवटी म्हणाली, "ती बाई तिकडे मरता मरता वाचली आणि तू तिथे जाऊनही भांडलास. कुणासाठी? जी इथे नाही तिच्यासाठी!"

बाबा आईसमोर एवढी वर्षं गप्प का बसतात ते कळलं.


२० नोव्हेंबर, गुरुवार

तुझं पत्र काल आलं. चार पानं! तू एवढं लिहू शकतेस हे माहीत नव्हतं.

तू त्या दिवशी बसमध्ये बसली होतीस. शेवटून दुसऱ्या थांब्यावर उतरलीस आणि परत फिरलीस, कारण "तू थांब्यावर उभा असशील आणि तुला बघितलं तर मी जाणारच नाही" अशी भीती वाटली. हे वाचून आधीचा मी असतो तर भिंतीवर डोकं आपटलं असतं. एक थांबा! पण खरं सांगू, राग येईना. मी नुसती वाट बघत बसलो, उठून तुझ्याकडे आलो नाही, याचा मात्र स्वतःवर राग आला.

तू लिहितेस, शनिवारी सकाळी गाडी आहे, स्टेशनवर ये, फलाटावर तरी नीट बोलू, कदाचित पुढचंही काही ठरवू. हे वाक्य मला पाठ झालंय. गेल्या वर्षभरात याच्याइतकं दुसरं काही मला हवं नव्हतं.

मी येणार नाही.

शनिवारी सकाळी मावशींना घरी आणायचंय. शेवटच्या इमारतीची लिफ्ट अजून सुरू नाही, त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले चढवायचंय. बाबांची पाठ धरते. वॉचमनकाका आहेत, पण एकट्याचं काम नाही. आणि मावशींनीच निरोप पाठवलाय. आठ दिवस माझं नाव काढू देत नव्हत्या. परवा आईला म्हणाल्या, "त्या भामट्याला म्हणावं, भांडी कशी आपटतात तेही धड माहीत नाही. मला वाटायचं, पोरीचा हात मोडलाय की काय. आणि मला वर न्यायचं तर त्यानेच न्यायचं. माझं वजन त्याला कळू दे."

हॉस्पिटलला सांगून मी रविवार मागू शकलो असतो. एक दिवस फक्त. तुझी गाडी गाठून, तुझ्याशी बोलून परत आलो असतो. तसा विचार केलाही, खोटं कशाला बोलू. बाहेर पडून निम्म्या वाटेपर्यंत गेलोही होतो विचारायला. पण मागच्या वेळी मी तुझ्यासाठी थांबलो तेव्हा मावशी जमिनीवर थांबल्या होत्या. पुन्हा त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ उचलेना.

चावीसाहेबांशी भांडून उजवीकडचं घर मिळवलंय. आता तिथे मी खरंच झोपणार. "गिऱ्हाइकाला काय दाखवू, तुझी फाटकी गादी?" म्हणाले. मी म्हटलं, दाखवा. आई दुपारची मावशींकडे बसेल. तिचं तिथे माझ्याविरुद्ध एक मंडळ स्थापन झालंच आहे.

टपालाने हे वेळेत पोचायचं नाही, म्हणून कंडक्टरच्या हाती पाठवतोय. तू जा. तिकडे गेल्यावर वर्गात पहिल्या बाकावर बस आणि मोठ्याने बोल. कुणी नक्कल केली तर तूच बघून घे, तुला तोंड आहे. मला पत्ता कळव. नाही कळवलास तरी दोन-चार पत्रं अशीच लिहीन, तेवढी तू खपवून घे.

तू शेवटी विचारलंयस, तिकडे मन लागलं का? नाही लागलं. रोज संध्याकाळी वाटतं, उठावं आणि पहिली बस धरावी. पण शनिवारी सकाळी मी इथे आहे.